हॅरोल्डच्या फोटोला हार

इकडे परदेशात, टूनगॅबीतला माझा शेजारी हॅरोल्ड हा विलायतेतला जुना विनोदी नट. जन्मभर नाटकांत बावळट नवरा झाला. आता त्याला कोणी बोलावत नाही. म्हणून मीच आग्रह करून आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला पाहुणा म्हणून नेला. तर स्टेजवर त्याचा तरुणपणीचा फोटो, त्याला झेंडूचा हार आणि पुढे उदबत्ती!

मी सेक्रेटरी केदारला धरला. "गाढवा, माणूस जिवंत आहे!"

"सॉरी काका, फोटो इतका जुना, मला वाटलं श्रद्धांजली असेल."

हॅरोल्डने विचारलं, "काय झालं?"

मी खोटं बोलत नाही. सांगितलं, "आमच्यात असा हार मेलेल्याच्या फोटोला घालतात."

तो म्हणाला, "माझ्या एजंटने मला कधीच मेलेला धरलंय. पण त्या हरामखोराने फुलं नाही पाठवली."