आल्दोची बोटं

(लातूर. रुद्रेशच्या घरातली पुढची खोली. कोपऱ्यात टेकवलेली काठी.)

अमान : अबे, भिंतीवर तुझा तो इटलीचा सायकलवाला आल्दो होता की. पोस्टर कुठं गेलं?

रुद्रेश : खिळा निघाला.

अमान : खिळा तर हाय की जागेवर.

रुद्रेश : तू कशाला आलास ते बोल.

अमान : रविवारी नांदेडला रेस हाय. राज्याच्या टीमची निवड. दोघांचं बी नाव देऊन आलो. हे धर, तुझा नंबर.

रुद्रेश : कुनाला इचारून दिलास?

अमान : सहा वर्षं कुनाला इचारून तुझ्यापुढं सायकल हानली? मी पुढं राहून समोरचा वारा छातीवर खायचा, तू माझ्या आडोशाला चाकाला चिकटून दम राखून यायचं. शेवटचे दोनशे मीटर राहिले की मी बाजूला, तू सुसाट. यात आता नवीन काय हाय यार?

रुद्रेश : खुबा दुखतो.

सिद्धम्मा : चहा घ्या रे. अमान, तूच सांग बाबा ह्याला. डॉक्टर म्हनले हाड पक्कं झालंय, सायकल चालीव म्हनावं खुशाल. आन हा काठी सोडंना. नांदेडला पडला त्याला वरीस होत आलं.

रुद्रेश : आई, तू जा बरं आत.

सिद्धम्मा : जाते बाबा. पोराचं तोंड बघवत न्हाई मला, म्हनून बोलते.

अमान : ऐकलास? आल्दोचं आठव जरा. त्याचा बी खुबाच मोडला होता, असाच शेवटच्या लाईनीजवळ. सारी इटली म्हनली, खतम झाला. गवंड्याचं पोरगं ते, उठलं आन पुढच्या साली तिथंच जिंकलं. तूच दाखवलास की मला शंभरदा.

रुद्रेश : आन काल?

अमान : काल काय?

रुद्रेश : तुला खोटं बोलता येत न्हाई अमान. कान लाल होतात तुझे.

अमान : ...तुला कळलं व्हय? कसम, त्याच्यासाठीच पळत आलो. म्हनलं तू बघायच्या आधी तुला सायकलवर बसवतो. झाला असंल रिटायर. त्याचं वय झालं होतं.

रुद्रेश : लई रडला रे. सगळ्या दुनियेपुढं. काय बोलला म्हाईत हाय?

अमान : मला कुठं कळतंय इटलीचं.

रुद्रेश : व्हिडिओत खाली लिहून येत होतं. म्हनला, पाय अजून हायेत, दम हाय. पन लाईन जवळ आली, घोळक्यात शिरलो की बोटं आपोआप ब्रेकवर जातात. नको म्हनलं तरी ऐकत न्हाईत. पडल्यापासूनच जात होती म्हनं. एकदा जिंकला तो, तेवढंच. बाकी सगळी वर्षं बोटांसंगं भांडत होता.

अमान : त्याचं त्याला. तू चोवीसचा हायेस.

रुद्रेश : मी गेलतो अमान.

अमान : कुठं?

रुद्रेश : औसा रोडला. आई देवणीला मावशीकडं गेलती तवा. अर्धापूरचा केळीचा टेम्पो गाठला, लागलो मागं. पाय असे फिरले रे... एकटाच वरडलो आनंदानं. मग बाजूनं काढायची येळ आली आन बोटं ब्रेकवर. दुसऱ्या दिवशी गेलो. तेच. आई येईपर्यंत रोज गेलो. रोज तेच.

अमान : मग ही काठी?

रुद्रेश : हाड दुखतं म्हनलं की लोक गप बसतात. भ्या वाटतं म्हनल्यावर काय म्हनतील?

अमान : मला सांगायचास. मला तरी.

रुद्रेश : तुलाच कसं सांगू? माझ्यासाठी वारा तू खाल्लास.

अमान : (बाहीनं डोळे पुसतो.)

रुद्रेश : रडू नको अबे. आई येईल.

अमान : येऊ दे. तुला आल्दोवर रडू आलं, मला तुझ्यावर येऊ नये व्हय?

रुद्रेश : रविवारी रेस तू मार. माझ्यापेक्षा जास्ती ताकद हाय तुझ्यात, मला ठाव हाय. मागून बघितलंय मी.

अमान : न्हाई जमायचं. ते शेवटचे दोनशे मीटर मी कधी पाह्यलेच न्हाईत. बाजूला झालो की तुझी पाठ दिसायची, मग ती बी न्हाई. लाऊडस्पीकरवर तुझं नाव आलं की कळायचं, जिंकला म्हनून. पुढं कुनीच नसलं की काय असतं रे तिथं?

रुद्रेश : काही नसतं. नुसता रस्ता. लई भ्या वाटतं, आन जीव लई हलका होतो. त्या भ्याला मागं टाकायचं, बस. मला आता तेवढंच जमंना.

अमान : तू ये मग नांदेडला. तू असलास तर मारतो.

रुद्रेश : येतो. पन लाईनीपाशी न्हाई थांबनार. जिथं तू बाजूला व्हायचास ना, तिथं उभा राहतो.

अमान : तिथून काहीच दिसत न्हाई, रुद्रेश.

रुद्रेश : ऐकू येतं की.