गोठलेलं तेल

नाही म्हणजे नाही, थेन. आणि ओरडू नकोस, माझे गुडघे गेलेत, कान नाहीत. काडतुसांची ही पेटी इथंच राहणार, माझ्या टेबलावर, आणि एकेक काडतूस मी आज उकलणार आहे — गोळी वेगळी, दारू वेगळी, आणि दारू जाणार गुलाबांच्या बुडाशी. हो, तुझीच पेटी. तुझ्यासाठीच भरली होती ना मी, माझ्याच हातांनी? म्हणूनच तर. शनिवारी शिकारीचा हंगाम सुरू होतोय हे मला काय सांगतोस — तू रांगत होतास तेव्हा मी या डोंगरात घोड्याएवढी एल्क हरणं मारून पाठीवर मांस वाहत होते. गावात जा, दुकानातली तयार घे. तुझ्या बंदुकीतून ती सरळ जात नाहीत? मग जवळ जाऊन मारा! आपल्या बापजाद्यांनी काय दुर्बिणी लावून मारली होती जनावरं?

बस जरा. टोपी काढ, घरात आहेस. आता ही उडालेल्या काडतुसाची पुंगळी बघ — तूच आणलीस ना झोळीभर, 'मावशी, परत भरून दे' म्हणून? बूड बघ. बुडातली ही ठिणगी पाडणारी टोपी गोल कडेची असायला हवी, ही चपटी झालीय, पोळपाटावर लाटल्यासारखी. आणि हा चकाकता डाग? पितळ दाबाखाली वितळल्यागत वाहिलंय तिथं, बोल्टच्या, म्हणजे मागून नळी बंद करणाऱ्या अडसराच्या, भोकात घुसलंय. अशी एक नाही, निम्म्या झोळीत आहेत. आणि तू हसत हसत काय म्हणालास मघाशी? — बोल्ट उघडत नव्हता म्हणून लाकडाच्या दांडक्यानं ठोकला! दांडक्यानं! अरे, बंदूक तुला हात जोडून सांगतेय की बाबा, आता पुरे, माझ्या पोटात मावत नाही, आणि तू तिलाच बडवतोस?

बोल्ट अडला त्या दिवशी काडतुसांची पेटी कुठं होती? गाडीच्या काचेमागं ना, ऑगस्टच्या उन्हात? तेच. तापलेली दारू जास्त जोरानं पेटते. मी तो बार, ते दारूचं माप, जोखलं जानेवारीत, पांढऱ्या बर्फात, नाकातला श्वास गोठत होता तेव्हा. काडतुसं भरायच्या पुस्तकात दारूची वरची मर्यादा छापलेली असते — ती काय भित्र्या लोकांनी छापलेली नसते. खालून सुरुवात करायची, एकेक पायरी वर, आणि बंदूक कुरकुरली की मुकाट्यानं मागं यायचं. हे मला कुणी शिकवलं नाही. नवरा म्हणायचा, बायकांचं काम नाही ते. मी स्वयंपाकघरात पुस्तकं वाचून शिकले, आणि पुढं त्याचीही काडतुसं मीच भरली. तर मी मर्यादेला पोचले, आणि — आणि जरा वर गेले. जराच. तीन गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या जातील अशा बसल्या होत्या, तूच नाचलास बर्फात! सगळ्या खोऱ्यात सांगत सुटलास, वर्लामावशीच्या हाताची सर कंपनीला नाही. मला काय, वाईट वाटलं होतं का ऐकून? कोंबडीसारखी फुगले होते मी.

बोल्ट तेव्हाही जड गेला होता. आठवतं? तू विचारलंस, 'हे काय गं?' आणि मी म्हटलं, तेल गोठलंय. थंडीत गोठतंच तेल, इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, तुला पटलं. मलाही पटलं. घरी येईपर्यंत तरी पटलं.

उन्हापासून झाकून ठेवीन म्हणतोस? सावलीत ठेवीन? थेन, या वर्षी ती बंदूक तू धरणार नाहीस. तुझा खांदा शिवलाय डॉक्टरनं. तुझी लेक मारेन धरणार. किती वर्षं अर्ज भरतेय ती पोर, आत्ता कुठं शिकारीच्या परवान्याच्या सोडतीत तिचं नाव निघालं. ती गाल टेकवणार त्या दस्त्यावर. तो बोल्ट तिच्या डोळ्यापासून एवढ्यावर — हा बघ माझा हात — एवढ्यावर असणार. पुंगळी फाटली तर आग मागं येते, राजा, पुढं नाही.

काय म्हणालास? परत म्हण. चांगली काडतुसं स्वतःला ठेवते आणि लोकांना दुकानात पाठवते? म्हातारपणी हात आखडला? त्या फळीवरच्या डब्याकडं कशाला बोट दाखवतोस, ती माझी आहेत. हो, तुझ्यासारखीच बंदूक आहे माझी, त्याच मापाची. नाही, त्यातली देणार नाही, एकाच्या बंदुकीचा बार दुसऱ्यानं घालू नये. खाली ठेव. ठेव म्हणते ना! वजन करून बघतोस? माझ्याच काट्यावर, माझ्यासमोर? — हो. हलकी आहेत. दारू दोन पायऱ्यांनी कमी आहे त्यांत. केव्हापासून काय विचारतोस, जानेवारीपासून.

थेन, तुला भरून दिलेला तो बार मी माझ्या बंदुकीत एकदाही घातलेला नाही.