राहून गेलेला हीटर

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होत असलेले आमचे फिटरकाका, पहिल्या रांगेत बसलेल्या काकू आणि माझ्या सहकाऱ्यांनो,

काकांच्या गुणांविषयी आधीचे वक्ते भरभरून बोलले. मी त्यांच्या एका चुकीविषयी बोलणार आहे. दचकू नका, काका.

अकरा वर्षांपूर्वी ओढ्याकाठच्या दवाखान्यात आपण छोटी जलटर्बाइन बसवली. मी नवा इंजिनिअर, शिकाऊ मुदतीवरचा. टर्बाइन आणि बॅटरी यांच्यामध्ये मी चार्ज कंट्रोलर लावला. कोणत्या व्होल्टेजला सर्वांत जास्त वीज मिळते ते स्वतः शोधणारा. सोलर पॅनलवर मी असे डझनभर बसवले होते, त्यामुळे मला कोण शिकवणार?

काकांनी मला बाजूला घेतलं. चारचौघांत नाही, हे लक्षात घ्या. म्हणाले, "साहेब, बॅटरी भरली की ही पेटी वीज घ्यायची थांबते. पण पाणी थांबत नाही. टर्बाइन मोकाट पळेल, व्होल्टेज दुप्पट होईल आणि पेटी जळेल. जास्तीची वीज जिरवायला आधी हीटर लावू."

हीटर यायला आठवडा लागणार होता आणि उद्घाटन दोन दिवसांवर. मी म्हटलं, नंतर बघू.

उद्घाटन झालं, टाळ्या पडल्या, हारही माझ्याच गळ्यात पडला. तिसऱ्या दिवशी दुपारी बॅटरी भरली आणि कंट्रोलर जळाला. रात्रीत बॅटरी उतरली, फ्रिज बंद पडला, लसी वाया गेल्या. तान्ही बाळं घेऊन डोंगर चढून आलेल्या आयांना नर्सबाईंनी हात जोडून परत पाठवलं. मी तिथेच उभा होतो. एकीनं मला विचारलं, पुन्हा कधी येऊ? मी नर्सबाईंकडे बोट दाखवलं.

चौकशीत प्रश्न आला, हीटर का नव्हता? मी म्हणालो, फिटरनी लावायला हवा होता. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "राहिला."

त्यांची सुपरवायझरची बढती गेली. चार वर्षं ते स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजत बसले. तिथे जाऊन एकदा मी धीर करून विचारलं, काका, तुम्ही गप्प का राहिलात? मान वर न करता म्हणाले, "तुमची नोकरी कच्ची होती, माझी पक्की."

तरीही मी बोललो नाही. माझी नोकरी पक्की झाली, पुढे मी विभागप्रमुखही झालो. मग कशाची भीती होती? खुर्चीची, दुसरं काय!

आज सकाळी मी सगळं लेखी स्वरूपात अध्यक्ष महोदयांकडे दिलं आहे. त्यावर जो निर्णय होईल तो मला मान्य आहे.

पण एक गोष्ट कागदावर मावली नाही. मागच्या महिन्यात काकांच्या घरी गेलो तेव्हा चहा देताना काकू म्हणाल्या, "यांच्या हातून तेवढी एकच चूक कशी झाली, कोण जाणे." काका खिडकीबाहेर बघत होते. म्हणजे या माणसानं घरीसुद्धा सांगितलं नव्हतं!

आयोजकांनी मला बोलायची संधी दिली, तुम्ही शांतपणे ऐकलंत, सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं.

काकू, यांच्या हातून चूक झालीच नव्हती. हीटर मी लावू दिला नव्हता.