शवपेटी जाईल एवढा बोळ

...आणि वर मलाच म्हणतात, काका, जरा बाजूला व्हा, दार फोटोत येत नाहीये! अहो, दार माझं, दाराचा हिरवा रंग माझ्या हातचा, दाराशेजारचा गुलाब माझ्या बायकोचा, आणि बाजूला कोणी व्हायचं, तर मी! तुम्हाला सांगतो, माणसानं जन्माला कुठंही यावं, पण ऐतिहासिक गावात येऊ नये. आलाच, तर नदीकाठच्या तर मुळीच येऊ नये. तिथं बोटी लागतात. बोटीतून माणसं उतरतात. एका हातात हेरिंग मासा घातलेला पाव, दुसऱ्या हातात फोन, आणि देवानं तिसरा हात दिला असता तर तोही माझ्या खिडकीतून आत आला असता.

आमच्या आल्टनवीकमध्ये रस्त्यावर व्यापाऱ्यांची उंच घरं, आणि त्या घरांच्या पोटातून आरपार गेलेले बोळ. आमच्या बोळातून वाकून पलीकडं निघालं की अंगणात तीन घरं, काडेपेट्या मांडून ठेवल्यासारखी. पूर्वी तिथं हमाल राहायचे, आता मी राहतो. संपला इतिहास! पण ती टीसेनबाई संपू देईल तेव्हा ना. ही पर्यटकांना गाव दाखवणारी. लाल छत्री उंच धरते. सकाळी मी अंड्याच्या डोक्यावर चमचा मारायला आणि ही माझ्या खिडकीखाली उभी राहायला एकच गाठ. आणि रोज तोच सूर, नाकातून, देवळात म्हणावा तसा, "तर मंडळी, जुन्या कायद्यानं बोळ किती रुंद ठेवायचा? शवपेटी जाईल एवढा!" मंडळी 'आऽऽ' करतात आणि माझ्याकडं बघतात. मी अंडं खातोय. जणू पेटी आलीच आहे, फक्त माझा नाश्ता व्हायचाय.

वर्षानुवर्षं ऐकतोय हो मी हे! शवपेटी जाईल एवढा. झोपेत विचारा, सांगेन. आणि तेच नडलं.

झालं असं, की हिवाळ्यात माझ्या बायकोचा, गेझाचा, गुडघा बदलला. आमच्या घरात बसायला काय, तर माझ्या आजोबांचा लाकडी बाक. त्यावर आजोबासुद्धा फार वेळ बसत नसत. एके दिवशी गेझा अगदी शांतपणे म्हणाली, "डेटलेफ, शनिवारपर्यंत पाय पसरून बसता येईल असं काहीतरी घरात आण. नाहीतर मी इल्झेकडं जाते. राहायलाच." इल्झे म्हणजे तिची बहीण. पुलापलीकडं नव्या इमारतीत राहते. लिफ्ट, रुंद दारं, खिडकीत एक पर्यटक नाही. आता बायको ओरडली तर मी पेपर वाचत राहतो. पण शांतपणे बोलली, की समजावं, बॅग भरून पलंगाखाली ठेवलीय. वाकून पाहिलं. होती.

म्हणजे सोफा आणणं आलं. कुठलाही शहाणा माणूस काय करील? टेप घेईल, दोन पावलं चालेल आणि बोळ मोजेल. मी काय केलं? मी टेप घेतली आणि चर्चमागच्या लोरेन्त्सनकडं गेलो. लोरेन्त्सन शवपेट्या विकतो.

"पेटीची रुंदी किती असते रे?"

तो एकदम हळू आवाजात, धंद्यातल्या आवाजात, "कोणासाठी?"

"गेझासाठी."

त्यानं माझा हात हातात घेतला. "कधी गेल्या?"

"कुठं जाईल? घरात बसलीय गुडघा धरून. मला सोफा आणायचाय."

त्यानं हात सोडला. पण माप दिलं. चोख माप! आणि मी पेटीपेक्षा चांगला दोन बोटं अरुंद सोफा घेतला. मोहरीच्या रंगाचा. एकसंध! दुकानदार म्हणाला, याचा एक स्क्रू सुटणार नाही, आणि खोटं नाही बोलला हो तो. नंतर सगळं करून पाहिलं.

शनिवारी मी आणि माझा मेव्हणा योर्न सोफा घेऊन बोळात शिरलो. योर्ननं सगळा जन्म बंदरात क्रेन चालवली. त्याला वाटतं, जगातली कुठलीही वस्तू वरून उचलता येते. अर्ध्या वाटेवर सोफा थांबला. मी म्हणालो, मागं घेऊ. योर्न म्हणाला, उचलू. उचलला. तेवढ्यात मागून लाल छत्री! "तर मंडळी, शवपेटी जाईल एवढा..." आणि बाईंची मंडळी कुठली? तर दक्षिणेकडची, डोंगरातली. एकेकाची पोटरी म्हणजे बिअरचं पिंप. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमातलाच भाग. त्यातल्या एकानं उरलेला पाव तोंडात कोंबला, हातावर थुंकला, म्हणाला, "सरक भाऊ," आणि खांदा लावला. सगळ्यांनीच लावला. एकदाच खर्रकन आवाज झाला आणि सोफ्याची पाठ वरच्या तुळईखाली अशी जाऊन बसली, की वाटावं आधी सोफा ठेवला आणि मग गाव बांधलं. मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्या आणि पलीकडून, अंगणाच्या बाजूनं, गेझाचा आवाज आला. हातात बॅग.

"डेटलेफ, मी जाऊ कुठून?"

सोफ्याच्या अलीकडं मी, पलीकडं बायको, मध्ये मोहरी. मी म्हणालो, "अगं, पेटी जाते म्हणतात..."

तिनं बॅग खाली ठेवली, तिथंच सोफ्यावर टेकली आणि दुखरा पाय पसरला. पुरा पसरला. आणि म्हणाली, "हं."

तुम्हाला सांगतो, लग्नानंतर इतकं समाधानाचं 'हं' मी ऐकलेलं नाही.

मग पुरातत्त्वाचा साहेब आला. योर्नच्या हातातली करवत पाहून त्याला घाम फुटला. म्हणाला, आता तुळई सोफ्यावर टेकलीय की सोफा तुळईला टेकलाय, हे तज्ज्ञानं ठरवल्याशिवाय हात लावायचा नाही. तज्ज्ञ शरद ऋतूत येणार. कुठल्या वर्षीच्या, ते बोलला नाही. लोरेन्त्सनही बघून गेला. म्हणाला, "तुला आजची पेटी सांगितली होती, डेटलेफ. तेव्हाची माणसं उपाशी असायची. पेट्याही तशाच." हे आधी नव्हतं सांगता येत?

आता तिन्ही घरांची जा-ये सोफ्याच्या बैठकीवरून, वाकून. बूट काढून! गेझाचा हुकूम. पर्यटकसुद्धा हातात बूट धरून मोज्यांनी सोफा ओलांडतात आणि तिला सुप्रभात म्हणतात. बोळात वारा छान येतो, ती विणत बसते, टीसेनबाईच्या चुका काढते. बॅग परत पलंगाखाली गेली. रिकामी. तेही वाकून पाहिलं. मी मात्र उभा. सोफ्यावर जागा असते कुठं!

काल धीर करून विचारलं, "गेझा, या बोळातून आजवर पेटी अडली नाही. पण उद्या मी मेलो तर मला बाहेर कुठून काढणार?"

तिनं विणकामातून मान वर केली नाही. म्हणाली, "मग मरू नकोस. कॉफी आण. आणि येताना बूट काढ."

आणली. काय करता? या गावात आता मरायचीसुद्धा सोय राहिली नाही.