वही सतरा, पान एकशे चार

सिंहस्थाच्या वर्षी पंचवटीत उपाध्यायांच्या ओसरीवर रांगेत माझ्यापुढे एक वयस्कर जोडपं बसलं होतं.

"गाव?"

"लासलगाव, गुरुजी."

"तिथं तुम्ही राहता. मूळ गाव सांगा. वंशावळीच्या वह्या मूळ गावावर लावल्यात, आत आडनावं."

"मग नांदगाव. आहेर."

"वही सतरा, पान एकशे चार. हे बघा, लहानू पुंजा आहेर, मागच्या सिंहस्थात येऊन गेलात. मुलगा कुंदन. पत्नी... कुंदनची आई."

"अहो! माझं नाव नाय दिलं?"

"अगं, चारचौघांत बायकोचं नाव कसं घ्यायचं?"

"उद्या नातवंडांनी वही उघडली, तर मी कोण? गुरुजी, लिहा, मी सांगते."

"बाई, घराण्यातल्या पुरुषानं सांगायचं आणि खाली सही करायची. आमच्याकडे तशीच रीत आहे."

"गुरुजी, लोकं बसलीत हो."

"बसू द्या. सांगा."

"...नवसाबाई."

"लिहिलं. करा सही."

"थांबा. अहो, परत एकदा सांगा. गुरुजींना नीट ऐकू आलं नसंल."

"मला आलं, बाई."

"तुम्ही मधी बोलू नका, गुरुजी."