पहिलं उत्तर खोटं

...आणि वर मलाच दटावतात, "हळू चाव, आत्या ऐकतेय!" आता तुम्हीच सांगा, माणसाने चावायचं तरी हळू कसं? गिळू का सरळ? पंखा बंद, नळ बंद, खिडक्या बंद, आई भांडी घासतेय तीसुद्धा चोरी केल्यासारखी... आणि एवढं सगळं कशासाठी? तर कुठल्यातरी देशातला कुठलातरी बावळट माणूस सायकल भाड्याने घ्यायला गेलाय, आणि दुकानातली बाई त्याला आडनावाचं स्पेलिंग विचारतेय, ते आमच्या आत्याला ऐकायचंय!

तुम्हाला सांगते, त्या रेकॉर्डिंगमधल्या लोकांइतके रिकामटेकडे लोक मी जन्मात पाहिले नाहीत. एकाची छत्री हरवते, तो तिच्या दांड्याचं वर्णन करत बसतो. एका बाईला पोहायला शिकायचंय, पण पाण्यात उतरायच्या आधी ती टॉवेल कोण देणार ते विचारते. एक प्रोफेसर शेवाळावर बोलतात. शेवाळावर! घसरून पडण्यापलीकडे शेवाळाबद्दल बोलण्यासारखं काय असतं हो? आणि एकालाही, एकालाही स्वतःचं धड काही आठवत नाही. "माझा फोन नंबर... ओ नो, सॉरी, तो जुना." "मी मंगळवारी येते... ओ नो, सॉरी, गुरुवारी." अगं बाई, आधी घरी ठरवून ये ना! कॅलेंडर नाही का तुमच्याकडे?

थांबा, आत्या कोण ते सांगायचं राहिलंच. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, आमच्याच घरात राहते, माझ्याच खोलीत झोपते, आणि चौकातल्या चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. परदेशातल्या एका चष्म्याच्या दुकानाने तिला बोलावलंय. पण तिथे जायचं तर आधी इंग्रजीची परीक्षा. वाचनात पास, लिहिण्यात पास, बोलण्यात तर परीक्षकबाई हसून म्हणाल्या म्हणे, व्हेरी नाइस. ऐकण्यात मात्र गाडी दोनदा रुतली. आता ही शेवटची खेप. यंदा रुतली तर ते दुकान थांबणार नाही, दुसऱ्या कोणाला तरी घेणार. म्हणून हे घरभर मौनव्रत, आणि म्हणून तो क्लास.

तो क्लास! क्लासच्या सरांना पोरं "कर्णधार" म्हणतात, कारण ते कान घडवतात. मी एकदा आत्याबरोबर मागच्या बाकावर बसून आलेय. कर्णधार टेबलावर डस्टर आपटून म्हणाले, "परीक्षा काढणारे लबाड आहेत! बाई म्हणणार, मंगळवार. लिहिलंत? मेलात! ती लगेच म्हणणार, ओ नो, सॉरी, गुरुवार! म्हणून पेन वर धरायचं! श्वास रोखायचा! दुरुस्तीची वाट बघायची! कारण पहिलं उत्तर...?"

आणि अख्खा वर्ग एका सुरात, "खोटं!"

मिशा फुटलेले बाप्ये, दोन लेकरांच्या आया, सगळे! "खोटं!" आमच्या आत्याने मात्र हळूच हात वर केला. "सर, पण समजा पहिलंच उत्तर खरं असलं तर?"

कर्णधार म्हणाले, "छान प्रश्न. पुढे जाऊ."

झालं! त्या दिवसापासून आमच्या घराला ग्रहण लागलं. पहिलं उत्तर खोटं! आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो वन्सं, दुधाखालचा गॅस बंद करा!" आत्या शेगडीपुढे उभी, हात बटणावर, मान तिरकी... वाट बघतेय. कशाची? तर आई आता म्हणेल, ओ नो, सॉरी, दुधाखालचा नव्हे, भाताखालचा! दूध वर येतंय, येतंय, आलं, ओट्यावरून खाली आलं, आत्याच्या पायापर्यंत आलं, तरी ही थांबलेली! आई म्हणाली, "वन्सं, कान गेले का तुमचे?" आत्या म्हणाली, "वहिनी, कानच तर तयार करतेय!"

दुकानात तर विचारूच नका. तिथलं काम कसं असतं? माणसाला खुर्चीत बसवायचं, डोळ्यांपुढे भिंग लावायचं, मग बदलायचं आणि विचारायचं, "पहिल्यातून बरं दिसतं की दुसऱ्यातून?" एवढंच. एक बँकेतले काका आले होते, नजर ठणठणीत, बायकोने पाठवलं म्हणून आलेले. आत्याने विचारलं, "पहिल्यातून की दुसऱ्यातून?" काका म्हणाले, "पहिल्यातून."

आत्या थांबली.

काकांनी घसा खाकरला. "पहिल्यातूनच... वाटतं."

आत्या अजून थांबलेली. पेन वर.

काकांना घाम फुटला हो! "अं... नाही, नाही, दुसऱ्यातून! दुसऱ्यातून छान दिसतं!"

आणि आत्याने झर्रकन लिहून टाकलं! दुसरं! काका नवा चष्मा घालून बाहेर पडले ते पायरीच न दिसल्यामुळे सरळ रस्त्यावर. दुकानाचे मालक कपाळावर हात मारून म्हणाले, "बाई, तुम्ही परदेशी कधी जाता त्याची मी वाट बघतोय... पण तोपर्यंत माझं दुकान परदेशी घालवू नका!"

पण खरी कमाल बाबांची. माझे बाबा बसस्टँडवर अनाउन्सर आहेत. काचेच्या खोलीत बसून भोंग्यावरून सांगतात कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागलीय ते. तो भोंगा असा आहे, की बाबा आत काहीही बोलले तरी बाहेर घशात वाटाणा अडकल्यासारखं काहीतरी येतं, आणि प्रवासी एकमेकांना विचारतात, "काय म्हणाला?" तर असे बाबा आत्यासमोर खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "छोटे, रेकॉर्डिंग कशाला हवंय, मी आहे ना!" आणि सुरू! "अटेन्शन प्लीज! द बस विल लीव्ह फ्रॉम प्लॅटफॉर्म फोर... ओ नो, सॉरी, प्लॅटफॉर्म टू!" आत्या पेन वर धरून बसायची आणि "टू" आलं की लिहायची. बाबा खूश, आत्या खूश, आई म्हणायची, "दोघं बहीणभाऊ एकाच माळेचे मणी." रोज जेवण झालं की फोर, ओ नो, टू. नाइन, ओ नो, सिक्स. माणसाला सवय लागते हो! जिभेला लागते!

आणि लागलीच. एका सकाळी, स्टँडवर जत्रेसारखी गर्दी, बाबा भोंग्यावर म्हणाले, "प्रवाशांनी लक्ष द्यावं. जलद गाडी फलाट चारवर लागली आहे..." इथवर ठीक. गाडी खरंच चारवर होती. पण बाबांच्या तोंडून आपोआप निघालं, "अरे नाही, नाही, माफ करा, फलाट दोन!"

इतकी वर्षं त्या भोंग्यातलं अक्षर कोणाला कळलं नव्हतं, त्या दिवशी नेमकं सगळ्यांना कळलं! गठुडी घेऊन, पोरं काखोटीला मारून, म्हाताऱ्यांना ओढत सगळा लोंढा चारवरून दोनवर. आणि चारवरून गाडी निघाली, आरामात, रिकामी, ड्रायव्हर मागे वळून बघतोय की एवढी माणसं होती ती गेली कुठे! साहेबांनी बाबांना बोलावून विचारलं, "काय हो, दारू-बिरू घेता का?" बाबा म्हणाले, "नाही साहेब, बहिणीचा अभ्यास घेतो."

मी म्हटलं आता तरी हे खूळ उतरेल. छे! आत्याने बाबांची बाजू घेतली. म्हणाली, "दादा, चूक तुझी नाही, चूक प्रवाशांची. ते एवढे धावले, पण तिसरी दुरुस्ती येतेय का ते कोणी ऐकलं?" मी डोक्यावर पांघरूण घेऊन झोपून गेले. पलीकडच्या पलंगावर तो सायकलवाला अजून स्पेलिंग सांगत होता. आणि खरं सांगू? तो सायकलवाला मला एकदाही आवडला नाही. एक वेळ शेवाळवाले प्रोफेसर परवडले, पण हा नाही. कारण त्याचं स्पेलिंग आत्याला बरोबर आलं, की ती अंधारात खुदकन हसायची, आणि प्रत्येक हसण्यागणिक मला वाटायचं, चालली ही.

मग परीक्षेचा दिवस. एका शाळेत केंद्र होतं. बाबा आणि मी गेलो होतो, जाळीच्या दारापर्यंत. आत लांब व्हरांडा, एका बाजूला खोल्या, आणि व्हरांड्यात परीक्षेला आलेली सगळी मंडळी. त्यात कर्णधारांची अख्खी फौज, मैलभर लांबून ओळखू यावी अशी, पेन वर, माना तिरक्या. एक बाई आल्या, गळ्यात ओळखपत्र, चेहरा इस्त्री केलेला. म्हणाल्या, "ऑल कँडिडेट्स, रूम नंबर सेव्हन, प्लीज."

बाकीचे लोक, म्हणजे ज्यांचे कान घडवले नव्हते ते अडाणी लोक, मुकाट्याने सातमध्ये गेले.

आपली फौज जागची हलली नाही.

बाई म्हणाल्या, "रूम नंबर सेव्हन." एकजणही नाही हो! मारुतीच्या देवळासमोर रांग लावल्यासारखे उभे. पहिलं उत्तर खोटं! बाबा माझ्या कानात म्हणाले, "थांब, आता सांगेल ती खरं." म्हणजे बाबासुद्धा! मी जाळीतून ओरडणार होते, आत्या, जा, सातच आहे, जा ना!... पण माझा आवाज तुम्हाला माहीत नाही. वर्गात हजेरीला "उपस्थित" म्हणते तर बाई गैरहजेरी लावतात. तो काय जाळीपलीकडे जाणार? आणि तुम्हाला सांगते, तेवढ्यात हेही मनात येऊन गेलं, की नाही गेली आत तर... पण ते जाऊ दे.

तेवढ्यात फौजेतला एकजण दमून शेजारच्या दाराला टेकला. ते दार आठ नंबरचं. बाई वैतागून ओरडल्या, "नो, नो! नॉट एट!"

संपलं! "नो, नो" ऐकल्याबरोबर सगळ्यांचे चेहरे असे उजळले, जणू दिवे लागावेत. आली! दुरुस्ती आली! आणि "एट" कानावर पडायचा अवकाश, अख्खी फौज आठ नंबरात घुसली! आत काय? मोडके बाक, एक फुटका फळा आणि वर्षानुवर्षांची धूळ. सगळे शिंकत शिंकत बाहेर. त्या बाईंनी मग एकेकाचा दंड धरून सातमध्ये नेऊन बसवलं, बालवाडीत बसवतात तसं. आमच्या आत्यालाही. जाताना आत्याने वळून आमच्याकडे पाहिलं, नाकाच्या शेंड्यावर धूळ, डोळे भरलेले. बाबा म्हणाले, "रडतेय का गं?" मी म्हटलं, "धूळ गेली असेल."

बाहेर आल्यावर तिने आधी नाकावरची धूळ पुसली. मग एकदम म्हणाली, "दादा, मला इतका राग आला होता ना, त्या खोलीचा, त्या बाईचा, त्या कर्णधाराचा... की आत गेल्यावर मी थांबलेच नाही. जे पहिलं कानावर पडलं ते लिहिलं. दुरुस्ती आली तर खोडलं, नाही आली तर नाही."

बाबांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे नियम मोडलास?"

"मोडला."

"मग गेलं सगळं."

घरात सुतकी कळा. आई म्हणाली, "जाऊ दे वन्सं, इथे काय कमी आहे?" आणि पंखा सुरू केला, नळ सुरू केला, भांडी अशी आदळली, की इतक्या दिवसांचा आवाज एका संध्याकाळी वसूल! मीही कचाकचा चावून जेवले. वाईट वाटत होतंच, नाही असं नाही... पण चावायला बरं वाटत होतं.

आणि मग निकाल लागला. आत्याने फोनमध्ये बघितला, आणि म्हणाली, "पास झाले."

(दुसऱ्याच दिवशी कर्णधारांनी क्लासबाहेर तिचा हा एवढा मोठा फोटो लावला, खाली लिहिलं, "आमच्या नियमाचं यश!" नियम मोडून पास झालेल्या बाईचा फोटो, नियमाच्या जाहिरातीला! आणि नवीन पोरांची ही रांग! पण ते दुसऱ्या दिवशी. त्या संध्याकाळचं ऐका.)

"पास झाले," आत्या म्हणाली. आणि आमच्या घरात कोणी टाळी वाजवली नाही. कोणी ओरडलं नाही. आई हातातलं पातेलं तसंच धरून उभी. बाबा खुर्चीतून अर्धे उठलेले, तसेच. मी तोंडात घास घेऊन. कोणाला काही ठरवावं लागलं नाही, कोणी कोणाकडे बघितलंसुद्धा नाही. आम्ही सगळे थांबलो होतो.

आत्या म्हणाली, "अहो, खरंच पास झाले!"

आम्ही थांबलेलोच.

बाबांनी घसा साफ केला. "म्हणजे, तू... जाणार?"

"हो. जाणार."

शप्पथ सांगते, इतकी शांतता त्या सायकलवाल्यालासुद्धा आम्ही कधी दिली नव्हती. पंखा फिरत होता, पण त्यालाही कळलं असावं. अहो, पहिलं उत्तर खोटं असतं ना? अख्ख्या वर्गाने बोंबलून सांगितलेलं असतं ना? मग आता ही म्हणेल, आत्ता म्हणेल... इतके दिवस त्या नियमाला मी शिव्या घातल्या, आणि त्या एका मिनिटात त्यावर माझ्याइतका विश्वास कर्णधारांचासुद्धा नसेल.

शेवटी आईने पातेलं खाली ठेवलं. पदराला हात पुसत म्हणाली, "बरं मग... बॅग कोणती नेणार, ते तरी ठरवा. माळ्यावरून काढायला हवी."

"मोठी," आत्या म्हणाली. आणि मग आमच्या तिघांच्या तोंडांकडे बघत बघत, जरा अडखळून, "अगं नाही, नाही, वहिनी... लहान. मोठी राहू दे इथेच, तुम्हाला लागेल."

आली. आली बघा एकदाची दुरुस्ती!

पण ती बॅगेची.