उसवलेली शिवण

श्कोदर शहरातल्या दवाखान्यात बाळाला मांडीवर घेऊन मी लशीच्या रांगेत बसले होते. मागच्या बाकावर दोघी जावा बोलत होत्या.

"म्रिका, आज बुटांच्या कारखान्यात नाही गेलीस?"

"काढलं मला, जाऊबाई. शिकाऊपणाचा महिनाही पुरा होऊ दिला नाही."

"तुला? अगं, अर्ध्या गावाच्या नवऱ्या तुझ्या हातचा झगा घालून चर्चमध्ये गेल्या!"

"तीच सवय नडली. चामड्यावर मशीनची शिवण वाकडी गेली, की मी गुपचूप उसवायची आणि सरळ घालायची. बारा जोड तसेच पुढे गेले."

"मग बिघडलं कुठं? सरळच झाली ना?"

"कापडाची भोकं मिटतात हो. चामड्याची नाही मिटत. पायाच्या साच्यावर ताणलं आणि टरकन फाटलं. शिकवणाऱ्या बाईंनी एक चामडं खिडकीशी धरलं, तर ओळीनं उजेड दिसला."

"पुन्हा शिवून देते म्हणायचं."

"म्हणाले ना मी. सगळ्याजणी हसल्या."

"जाऊ दे. झगे शिव पुन्हा."

"कुणाचे? लग्नाच्या पोरी सगळ्या इटलीला गेल्या."

"आणि पिशवीत काय आहे ते?"

"त्यातलंच एक चामडं. ओलं करून ठेवलंय."

"कशाला गं?"

"भोकं मिटतात का बघते."